सर्व्हर मंदावतो तेव्हा

तुमच्या गावच्या शाळेत, बँकेत, दूध संस्थेत नाहीतर बाजार समितीत हल्ली कुठेतरी एका कोपऱ्यात सर्व्हर नावाची पेटी घुमत असते. ती चालू असते तोवर तिची कोणाला आठवण होत नाही. ती मंदावली की मात्र खिडकीपुढची रांग लांबते, आतला कारकून म्हणतो, "सर्व्हर हळू चाललाय," आणि बाहेरचा माणूस मनात म्हणतो, याला काम करायला नको! आज मी या मंदपणाबद्दल बोलणार आहे. तो का येतो, यंत्र त्याची सूचना कशी देते, आणि ती सूचना आम्ही कशी चुकीची वाचली, हे तिन्ही सांगायचे आहे.

मी संगणकाचा इंजिनियर नव्हे. मी अर्थशास्त्र शिकवतो. पण तालुक्याच्या महाविद्यालयात ज्याला सरासरी काढता येते त्याला संगणक समितीवर घालतात, त्याप्रमाणे गेली सहा वर्षे मी त्या समितीवर आहे.

गोष्ट २०२४ सालची. जुलैची ४ तारीख, गुरुवार. प्रवेशाचे दिवस. आसपासच्या वीस-बावीस गावांतली मुले फी भरायला आलेली. सकाळी दहाला खिडक्या उघडल्या तेव्हा सगळे सुरळीत होते. पावणेअकराच्या सुमारास पावत्या अडखळू लागल्या आणि दुपारी तर एकेका पावतीला मिनिट-मिनिट लागू लागले. साडेपाचची शेवटची एस.टी. निघून गेली तेव्हा रांगेत अजून चौदा मुली होत्या. मग कोणाच्या वडिलांना फोन, कोणाला आमच्या प्राध्यापिकांच्या घरी मुक्काम, असे करून तो दिवस निभावला. दुसऱ्या दिवशी सर्व्हर जणू काही झालेच नाही असा धावू लागला. पुढे ३ ऑगस्टला पुन्हा तेच, आणि २ सप्टेंबरला पुन्हा तेच. त्या दिवशी पोळा होता, म्हणून गर्दी कमी आणि ओरड कमी, इतकाच काय तो फरक.

आता आधी या पेटीत असते काय ते पाहू. पूर्वी एका कामाला एक यंत्र असे. ग्रंथालयाला एक, हिशेबाला एक, प्रवेशाला एक. त्यातली बरीचशी दिवसभर रिकामी बसत. मग युक्ती निघाली की एकाच दणकट यंत्रात पाच आभासी यंत्रे नांदवावीत. इंग्रजीतून आलेला शब्द व्हर्च्युअल मशीन. ही कल्पना काही कालची नव्हे. आयबीएम कंपनीच्या अमेरिकेतल्या केंब्रिज येथील संशोधकांनी १९६० नंतरच्या दशकातच मोठ्या संगणकांवर ती करून दाखवली होती. पुढे १९९८ साली व्हीएमवेअर ही कंपनी निघाली आणि हीच सोय साध्या यंत्रांवर आली. तुम्ही जुना वाडा पाहिला असेल. एकच वाडा, त्यात पाच बिऱ्हाडे. प्रत्येकाची चूल वेगळी, कडी-कुलूप वेगळे. प्रत्येक बिऱ्हाडकरूला वाटते आपले घर स्वतंत्र आहे. पण परसातली विहीर एकच, आणि धान्याची कोठीही एकच. या पेटीत ती कोठी म्हणजे हार्ड डिस्क. पाचही आभासी यंत्रांनी लिहिलेले अखेर तिथेच जाऊन पडते, आणि वाचायचे तेही तिथूनच काढावे लागते. म्हणून एका बिऱ्हाडाने कोठीचे दार अडवले की उरलेली चारही उपाशी राहतात. त्यांना कारणही कळत नाही.

आणि ही कोठी मूळचीच सावकाश असते. बाकीचा संगणक विजेच्या वेगाने चालतो, पण जुन्या पद्धतीची डिस्क म्हणजे खरोखरची फिरती तबकडी. ती मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. हवी ती जागा सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते, शिवाय सुईचा दांडा सरकायला आणखी आठ-नऊ मिलिसेकंद जातात. हिशेब केलात तर इकडेतिकडे विखुरलेल्या नोंदी अशी एक तबकडी सेकंदाला जेमतेम पाऊणशे-ऐंशी हाताळते. नव्या डिस्कांत तबकडी नसते, त्या कितीतरी चपळ असतात. पण आमच्यासारख्या ठिकाणी दहा-अकरा वर्षांपूर्वीच्या तबकड्या अजून इमानेइतबारे फिरत आहेत.

आमच्या पेटीत व्हीएमवेअरची ईएसएक्सआय ही प्रणाली आहे. कोठीचा कारभार ढिलावला की ती इशारा देते. त्याचा मराठीत भावार्थ असा : अमुक डिस्कची कामगिरी खालावली आहे, प्रतीक्षेचा वेळ सरासरी १,९०० मायक्रोसेकंदांवरून ७१,००० मायक्रोसेकंदांवर गेला आहे. हा आकडा पाहून आमच्या प्राचार्यांचे धाबे दणाणले. "अहो, एकाहत्तर हजार!" असे ते म्हणाले. पण मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. एकाहत्तर हजार मायक्रोसेकंद म्हणजे एकाहत्तर मिलिसेकंद, सेकंदाच्या चौदाव्या हिश्शाइतके. ऐकायला क्षुल्लक वाटते. मात्र एका फीच्या पावतीमागे यंत्र डिस्कवर समजा एकशेवीस वेळा लिहिते. १,९०० ने ते काम पाव सेकंदात होते, ७१,००० ने साडेआठ सेकंद लागतात. आणि त्या दिवशी दुपारी आकडा चार लाखांवर गेला होता. म्हणजे एका पावतीला अठ्ठेचाळीस सेकंद. चौदा मुलींची एस.टी. या गुणाकारात चुकली.

इथे अर्थशास्त्राच्या मास्तरला एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. हा इशारा सरासरीशी तुलना करून दिलेला असतो. आपल्या तालुक्यात पाऊस सरासरीच्या दुप्पट झाला, एवढ्यावरून पूर आला की नाही हे कळत नाही. दुष्काळी तालुक्यातली दुप्पट कोकणात कोणाच्या खिजगणतीतही नसते. तसेच हे. रात्रभर रिकाम्या बसलेल्या सर्व्हरची सरासरी फार खाली असते. पहाटे नक्कल काढायचे काम, म्हणजे बॅकअप, सुरू झाले की प्रतीक्षा दसपटीने वाढते, इशारा उमटतो, आणि नुकसान मात्र कोणाचेच झालेले नसते. म्हणून प्रत्यक्ष आकडा किती आणि तो किती वेळ टिकला, हे दोन्ही बघावे. तो वीस मिलिसेकंदांच्या वर सतत राहू लागला तर काळजी करावी, असा जाणकारांचा साधारण अडाखा आहे.

असो. आमच्या समितीने हे काही केले नाही. आम्ही तारखा पाहिल्या. ४ जुलै, ३ ऑगस्ट, २ सप्टेंबर. आमचे भाऊसाहेब, म्हणजे मुख्य लिपिक, चटकन म्हणाले, "महिन्याची सुरुवात. पगारबिलं! दुसरं काय असणार?" हिशेबाच्या खोलीत एक ताई आहेत, कंत्राटी नेमणुकीवर. पगारपत्रके त्याच करतात. त्यांना बोलावले. त्या म्हणाल्या, "सर, मी बिल साडेबाराला चालवलं. मशीन अकराच्या आधीच जड झालं होतं." आम्ही मान डोलावली आणि टिपण लिहिले : पगारपत्रके भलत्या वेळी चालवल्याने सर्व्हरवर ताण येतो, संबंधित कर्मचाऱ्यास अन्य काम द्यावे, आणि सुमारे चार लाखांचा नवा सर्व्हर घ्यावा. त्या टिपणावर तीन सह्या आहेत. त्यांतली एक माझी आहे. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ताई जुन्या दप्तराच्या खोलीत गठ्ठे लावायला गेल्या.

त्यांनी सांगितलेली वेळ पडताळायचे साधन आमच्या हातात होते. यंत्र आपल्या नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये, प्रत्येक इशाऱ्याची वेळ टिपते. मी ती पाहिलीही होती. तिथे लिहिले होते ०५:०५. पहाटे पाचला महाविद्यालयात शिपाईमामांशिवाय चिटपाखरू नसते, तेव्हा यंत्राचे घड्याळच बिघडले आहे असे मी ठरवून मोकळा झालो. पुढे कळले की ही प्रणाली आपल्या नोंदी जागतिक प्रमाण वेळेनुसार ठेवते. आपली वेळ तिच्यापुढे साडेपाच तास. पाच-पाचमध्ये साडेपाच तास मिळवा : दहा वाजून पस्तीस मिनिटे. ताई खरे बोलत होत्या. तुमच्यापैकी कोणाला अशा नोंदी वाचायचा प्रसंग आला तर ही बेरीज आधी करा.

आमचा गैरसमज मोडला तो २ ऑक्टोबरला. गांधीजयंती, सुट्टी. सकाळी प्रतिमापूजन आणि आवार-सफाई झाली. मी हात धुऊन सहज सर्व्हरच्या खोलीत डोकावलो, तो पडद्यावर ताजा इशारा! घड्याळात अकराला दहा कमी. कचेरीला कुलूप, हिशेबाच्या खोलीला कुलूप, पगारबिलाचा पत्ता नाही. चालू होती ती फक्त रोजची आपोआप होणारी नक्कल, आणि ती तर बारा महिने त्याच वेळी चालते. मी तिथेच भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून दिवस मोजले. चार जुलै ते तीन ऑगस्ट, तीस. तीन ऑगस्ट ते दोन सप्टेंबर, तीस. दोन सप्टेंबर ते दोन ऑक्टोबर, तीस. पगार महिन्याने होतो, महिना कधी तीस तर कधी एकतीस दिवसांचा. हे जे काही होते ते महिना मानत नव्हते, ते तीस दिवस मानत होते. असा हिशोब माणूस सहसा ठेवत नाही, यंत्र ठेवते.

आधी विजेचा संशय घेतला. आमचे मामा वीज गेली-आली याची वही ठेवतात, हौसेने. ती काढली. सप्टेंबरात वीज नऊ वेळा गेली होती, पण आमच्या तारखांना एकदाही नाही. मग एका जुन्या विद्यार्थ्याला फोन लावला. तो पुण्यात अशाच यंत्रांच्या देखभालीवर आहे. सगळे ऐकून त्याने एकच विचारले, "सर, वाचणं हळू होतं की लिहिणं?"

आणि मला आमच्या ग्रंथपालबाईंचे पोळ्याच्या दिवशीचे वाक्य आठवले. त्या म्हणाल्या होत्या, "पुस्तक शोधायला वेळ लागत नाही हो, मुलाच्या नावावर चढवायला लागतो." शोधणे म्हणजे वाचणे, नावावर चढवणे म्हणजे लिहिणे. उत्तर महिनाभर आमच्या कानांवर पडून होते. "मग सर, कंट्रोलरची बॅटरी बघा," तो म्हणाला.

ही बॅटरी काय भानगड आहे, ते बाजार समितीच्या गोदामावरून सांगतो. गाडी आली की हमाल पोती उतरवून ओट्यावर ठेवतो आणि गोदामवाला लगेच पावती देतो. गाडीवान मोकळा. पुढे सवडीने पोती आत जातात, थप्पी लागते. प्रत्येक पोते आत नेऊन, मोजून, थप्पीला लावून मगच पावती द्यायची म्हटली तर गाड्यांची रांग वेशीपर्यंत जाईल. आमच्या डिस्कांपुढे रेड कंट्रोलर नावाची एक पट्टी असते, तिच्यावर थोडी चपळ स्मरणशक्ती असते. तिला कॅश म्हणतात, पैशाशी संबंध नाही. ती म्हणजे ओटा. लिहिलेले आधी तिथे उतरते, यंत्राला "पोचले" असे उत्तर मिळते, मग ते सवडीने तबकडीवर जाते. पण ओटा उघड्यावर आहे. पाऊस आला तर? म्हणून वर ताडपत्री लागते. कंट्रोलरची बॅटरी ही ती ताडपत्री. वीज गेली तरी ओट्यावरचा माल ती काही काळ सांभाळते.

आता ताडपत्रीला भोके पडली नाहीत ना, हे अधूनमधून पाहायला हवे. बऱ्याच जुन्या कंट्रोलरमध्ये ही तपासणी ठराविक दिवसांनी आपोआप होते, कुठे तीस दिवसांनी, कुठे त्याहून जास्त. बॅटरी पूर्ण उतरवायची, पुन्हा भरायची, आणि तिच्यात किती जोर उरला ते मोजायचे. तिला लर्न सायकल म्हणतात. हे काही तास चालते. तोवर ताडपत्री नाही, म्हणून शहाणा गोदामवाला ओट्यावर माल घेत नाही. प्रत्येक पोते थेट आत. शिवाय आमच्या डिस्का रेड-५ या पद्धतीने बांधलेल्या. त्या पद्धतीत एक तबकडी मेली तरी माल वाचतो, पण एक लहानशी नोंद बदलायची तर जुनी नोंद वाचा, जुनी पडताळणी वाचा, नवी नोंद लिहा, नवी पडताळणी लिहा, असे चारदा हात लावावे लागतात. ओटा चालू असतो तेव्हा ही मेहनत पडद्याआड होते. ओटा बंद झाला की ती खिडकीपर्यंत येते.

कंट्रोलरची स्वतःची नोंदवही वेगळी असते, ती आम्ही आजवर उघडलीच नव्हती. तिच्यात सगळे होते : ४ जुलै, ३ ऑगस्ट, २ सप्टेंबर, २ ऑक्टोबर. आणि त्याआधी ४ जून. त्या दिवशी धूळ काढायला आम्हीच पेटी उघडवली होती आणि बॅटरीची जोडणी काढून पुन्हा बसवली होती, सकाळी साडेदहाला. तिथून तीस दिवसांची गणती नव्याने सुरू झाली. त्यापूर्वी ही पाळी रात्री येई आणि कोणाला कळतही नसे.

प्राचार्यांना हे सांगितले तेव्हा दुरुस्तीला येणारे एक गृहस्थ तिथे बसले होते. ते म्हणाले, "एवढंच ना? सेटिंग बदलून टाकू. बॅटरी असो-नसो, कॅश चालूच ठेवायची. इशारा परत दिसणार नाही." असे सेटिंग अनेक कंट्रोलरमध्ये असते हे खरे. इशाराही खरोखर दिसला नसता. प्राचार्य खूश होऊन माझ्याकडे बघू लागले. मी मामांची वही पुढे केली. महिन्यात नऊ वेळा वीज जाते, आमच्या यूपीएसच्या बॅटऱ्या सात मिनिटेही तग धरत नाहीत. ताडपत्री नसताना ओटा भरून ठेवायचा आणि आभाळाकडे बघत बसायचे! एका फटक्यात शे-दोनशे मुलांच्या फीच्या नोंदी गेल्या असत्या, आणि पावती दाखवणाऱ्या मुलाला आम्ही म्हटले असते की आमच्याकडे नोंद नाही. गृहस्थ जरा नाराज झाले. सेटिंग आम्ही होते तसे ठेवले.

मी लिहून दिले की पुढची पाळी १ नोव्हेंबरला येईल. नेमके लक्ष्मीपूजन. दिवाळीची सुट्टी संपवून आलो आणि नोंदवही उघडली. १ नोव्हेंबर, ०५:०५. त्याच आठवड्यात बॅटरी बदलली, तिला काही हजार रुपये पडले. तपासणीची वेळ रविवारी मध्यरात्रीनंतर लावली. नव्या धाटणीच्या कंट्रोलरमध्ये बॅटरीऐवजी कपॅसिटर आणि फ्लॅश स्मृती असते, तिथे हा त्रास सहसा नसतो. नवा सर्व्हर घेऊ तेव्हा तसा घेऊ. चार लाखांचा प्रस्ताव तूर्त कपाटात आहे.

सगळ्यांच्या सर्व्हरचे दुखणे बॅटरीचेच असेल असे मात्र समजू नका. एखाद्या आभासी यंत्राचा स्नॅपशॉट, म्हणजे दुरुस्तीपूर्वी धरून ठेवलेली स्थिती, कोणी काढायला विसरला तर त्याची फाइल फुगत जाते आणि वेग खातो. तो बहात्तर तासांपलीकडे ठेवू नये असे व्हीएमवेअरच सांगते. कधी मेलेल्या तबकडीच्या जागी नवी घातलेली असते आणि तिच्यावर जुना माल चढत असतो. कधी पाचही बिऱ्हाडांत विषाणू-तपासणी एकाच मिनिटाला सुरू होते. ईएसएक्सटॉप नावाची एक आज्ञा आहे, ती दोन वेळा निरनिराळ्या दाखवते : डिस्कपाशी गेलेला वेळ आणि प्रणालीच्या स्वतःच्या रांगेत गेलेला वेळ. पहिला वाढला असेल तर दोष कोठीकडे. दुसरा एरवी शून्याच्या आसपास असतो. तो दोन मिलिसेकंदांच्या वर राहू लागला तर रांग वाड्यातच तुंबली आहे असे धरावे. शाळेतल्या ज्या शिक्षकांकडे हे काम येऊन पडले आहे त्यांनी एवढे दोन आकडे आणि खरी वेळ टिपून ठेवली, तरी दुरुस्तीला येणाऱ्या माणसाचे अर्धे काम होते.

राहिली ताईंची गोष्ट. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी दुसरे टिपण लिहिले, पहिले चुकीचे होते असे त्यात स्पष्ट म्हटले आणि बाकी दोघांच्या सह्या घेतल्या. एकाने खळखळ केली, पण दिली. ताई पंधरा दिवसांनी आपल्या टेबलावर परत आल्या. मी त्यांच्याकडे जाऊन म्हणालो, "ताई, चूक आमची झाली." त्या म्हणाल्या, "असू द्या सर." आता त्या दर महिन्याला पगारबिल चालवण्यापूर्वी आणि चालवल्यानंतर घड्याळात पाहून वेळ एका वहीत लिहितात, खाली सही करतात आणि वही खणात कुलपात ठेवतात. त्यांना तसे करायला कोणी सांगितलेले नाही.